‘स्पष्टपणे’ हा शब्द मी गाळला

अकोल्यातल्या एका महाविद्यालयात मी बरीच वर्षं अमेरिकेचा इतिहास शिकवते आहे. या उन्हाच्या गावात तो इतिहास कशाला, असं मला कुणी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी तावातावाने भांडले असते. मी अंजनगाव सुर्जीची. आमच्याकडे धुऱ्यावरून, म्हणजे दोन शेतांमधल्या बांधावरून, भावाभावांत जन्मभराची बोलचाल बंद होते. त्यामुळे तेरा राज्यं एकत्र आली आणि कुणाचा अधिकार कुठवर यावरून हमरीतुमरीवर आली, हे मला पहिल्या वाचनातच घरचं वाटलं होतं. पुस्तकं रुक्ष होती, मी नव्हते. वर्गात मी फार चांगली बोलते, हे मला माहीत होतं, आणि पुढचं सगळं त्या माहीत असण्यातूनच घडलं.

माझा सगळ्यात गाजलेला तास एका शब्दाचा होता. राज्यघटना झाली, केंद्राला कोणते अधिकार याची यादी झाली, आणि यादीच्या शेवटी एक वाक्य आलं: हे अधिकार राबवायला जे कायदे आवश्यक आणि योग्य असतील, ते करण्याची मुभा केंद्राला राहील. मग त्यांच्या पहिल्या अर्थमंत्र्याला देशाची एक बँक हवीशी वाटली. यादीत बँक कुठेच नव्हती. विरोधक म्हणाले, आवश्यक म्हणजे ज्याच्यावाचून अडतं ते. बँकेवाचून काहीही अडत नाही. अर्थमंत्री म्हणाला, छे, आवश्यक म्हणजे उपयोगी, सोयीचं, कामाला हातभार लावणारं. दोघंही शहाणे, दोघांच्याही हातात तोच कागद, तोच शब्द.

हे पोरांना मराठीत कसं सांगायचं? पहिली दोन-तीन वर्षं मी ‘आवश्यक’, ‘अपरिहार्य’, ‘इष्ट’ असे शब्द फळ्यावर लिहून त्यांना झोपवलं. मग एक दिवस घरी कामाला येणारी बाई म्हणाली, “बाई, मले चहा लागते,” आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या वऱ्हाडात ‘लागते’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. मले पानी लागते, मले चहा लागते. पाणी नसेल तर माणूस मरतो आणि चहा नसेल तर नुसता कावतो, पण क्रियापद तेच. दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, अमेरिकेतलं सगळं भांडण आपल्या ‘लागते’वरून झालं. वर्ग खदखदून हसला. तेव्हापासून दरवर्षी त्या तासाला दुसऱ्या वर्गातली पोरंही दाराशी येऊन उभी राहायची.

एका वर्षी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. अकोटची, उर्दू साहित्य आणि इतिहास घेऊन बी.ए.च्या पहिल्या वर्षाला असलेली, डोक्यावरून ओढणी आणि आवाज खणखणीत. म्हणाली, “पन मॅडम, लागते का नाई लागते, हे ठरवन कोन? ज्याले लागते, थोच?”

मी तिला म्हटलं, “बाळा, सगळा अभ्यासक्रम तुझ्या या एका प्रश्नात आला. तू परीक्षेला नाही आलीस तरी चालेल.” ती लाजून खाली बसली. मी लगोलग स्टाफरूममध्ये जाऊन हे आपाला सांगितलं.

आपा म्हणजे आमच्या महाविद्यालयात उर्दू शिकवणारी. उर्दूला ती एकटीच होती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी, अकोटची, रोज सकाळच्या एसटीने येणं आणि दुपारच्या एसटीने जाणं. तिचा वर्ग विनाअनुदानित आणि लहान होता. चौदा मुली. त्या चौदांतल्या बहुतेक तिच्याच बसने यायच्या. अकोटच्या आणि वाटेवरच्या गावांमधल्या बापांनी मुलींना अकोल्याला पाठवलं होतं ते महाविद्यालयाकडे बघून नव्हे. आपा बसमध्ये आहे, एवढ्यावर पाठवलं होतं. ती चालकाच्या मागच्या बाकावर बसायची आणि मुली तिच्या मागे. एखादीला उशीर झाला तर आपा वाहकाला दोन मिनिटं थांबवून धरायची. उर्दूचा वर्ग त्या बसमध्येच सुरू व्हायचा, आमच्या इमारतीत फक्त हजेरी व्हायची. हे मला पक्कं माहीत होतं. नंतर मला कुणी भोळी समजू नये म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

मुलीचा प्रश्न ऐकून आपा हसली. “माया वर्गातली पोरगी आहे ते. शेर बी असाच धरते, मानेपासून.”

गाजणारा दुसरा तासही एका शब्दाचाच होता. राज्यांचा जो पहिला सैलसर करार होता, त्यात लिहिलेलं होतं की जे अधिकार केंद्राला ‘स्पष्टपणे’ दिलेले नाहीत ते राज्यांकडे राहतील. नवी घटना आल्यावर तिला दुरुस्त्या जोडल्या, त्यातही हेच वाक्य आलं, पण ‘स्पष्टपणे’ शब्द आला नाही. एकाने उभं राहून तो घाला म्हटलं. मसुदा करणारा नको म्हणाला. सगळ्या बारीकसारीक गोष्टी कागदावर कशा लिहायच्या, काही अधिकार गृहीत धरावेच लागतात, असं त्याचं म्हणणं. शब्द पडला. दोनच वर्षांनी बँकेचा प्रश्न आला तेव्हा हाच गृहस्थ उभा राहून ओरडत होता, की घटनेत बँक कुठे आहे दाखवा! पुढे न्यायालयानेही त्या न घातलेल्या शब्दाकडे बोट दाखवलं आणि बँक टिकली. मी हा भाग फार चवीने सांगायची. एवढा हुशार माणूस आणि स्वतःच्याच मसुद्यात कसा अडकला, म्हणून पोरांना हसवायची.

त्याच वर्षी आमची संस्था विलीन झाली. अकोल्याची आमची संस्था जुनी, कापसाचं जिनिंग चालवणाऱ्या दोन-तीन घरांनी काढलेली, आणि दम लागलेली. अमरावतीची संस्था मोठी होती, तिच्या शाखा चार जिल्ह्यांत होत्या. दोघींचं एक करायचं ठरलं. सगळ्या शाखांवर अमरावतीची केंद्रीय समिती आणि प्रत्येक ठिकाणी एक स्थानिक समिती अशी रचना ठरली. त्याची नवी घटना कुणीतरी मराठीत लिहायला हवी होती. आमचे प्राचार्य म्हणाले, “मॅडमची भाषा चांगली आहे.” या एका वाक्याने आजवर माझं जेवढं वाटोळं केलं तेवढं कुठल्या शत्रूनेही केलं नाही.

मी हुरळले. इतकी वर्षं दुसऱ्यांची घटना शिकवली, आता स्वतःची लिहायची होती! यादी केली. केंद्रीय समितीचे अधिकार नऊ. शेवटी, शोभा म्हणून, ‘संस्थेच्या हितासाठी आवश्यक व योग्य ती सर्व कार्यवाही’. आणि त्याखाली, मोठ्या अभिमानाने: ‘जे अधिकार केंद्रीय समितीला स्पष्टपणे दिलेले नाहीत, ते सर्व स्थानिक समितीकडे राहतील.’ जठारपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढल्या आणि पहिली आपाला दिली.

तिने डबा बाजूला सारून ओळीवर बोट ठेवून वाचलं. “ताई, हे ‘आवश्यक’ म्हनजे तुमचं ‘लागते’च आहे नं?”

“तेच.”

“मंग त त्याइले कधी काही बी लागन.”

“म्हणून तर खाली ‘स्पष्टपणे’ घातलंय. तो धुरा आहे आपा. त्याच्या अलीकडे कुणी नांगर घालू शकत नाही.”

तिने मान डोलावली. मग म्हणाली, “तो लफ्ज कोनाले काढू देऊ नका. माया पोरींची बस त्याच्यावर चालून राहिली.” मी हसून तिच्या डब्यातली भाजी घेतली.

पंधरा दिवसांनी अमरावतीहून बोलावणं आलं. मसुद्यावर थोडं बोलायचं आहे, जेवायलाच या. तिथल्या संस्थेच्या अध्यक्षांचं घर नीटनेटकं, बोलणं अतिशय मऊ. पाटोडीची भाजी होती, भाकरी होती, शेवटी पुरणपोळी. जेवताना त्यांनी माझ्या मराठीचं कौतुक केलं. मी पहिली पोळी संपवेपर्यंत मसुदा निघालाच नाही. मग ते म्हणाले, “मॅडम, सगळं उत्तम आहे. तो ‘स्पष्टपणे’ तेवढा जरा टोचतो. अविश्वास वाटतो त्यात. एका घरात राहायचं तर असं लिहितं का कोणी?”

त्यांनी माझ्या पानात दुसरी पोळी घातली, वर तूप घातलं आणि म्हणाले, “बाकी, इतिहासाचं एम.ए. अकोल्यालाच सुरू व्हावं असं माझ्या मनात आहे. तुमच्यासारखी व्यक्ती तिथे असताना दुसरीकडे कशाला?”

अमेरिकेच्या इतिहासात असंच एक जेवण आहे. तीन मोठी माणसं एका घरी जेवायला बसली आणि उठेपर्यंत देशाची राजधानी कुठे व्हायची याचा सौदा झालेला होता. राज्यांच्या डोक्यावरचं लढाईच्या कर्जाचं ओझं केंद्राने घ्यायचं, त्याला दक्षिणेकडच्यांनी आडवं यायचं नाही, आणि बदल्यात राजधानी त्यांच्या बाजूला. मी दरवर्षी नाक मुरडून हे जेवण शिकवायची. तत्त्व ताटात वाढलं, असं म्हणायची. आणि त्या दिवशी अमरावतीला, समोर तूप वितळत असताना, मला ते जेवण अगदी लख्ख आठवलं. विसरले असते तर क्षमा तरी करता आली असती. आठवलं, आणि तरीही मी म्हणाले, “तसाही तो शब्द वाक्यात जड होतो.”

हे कुणी माझ्या तोंडून वदवून घेतलं नव्हतं. ते फक्त ‘टोचतो’ म्हणाले होते. भाषेचं कारण मी माझ्या पदरचं दिलं. वर माझंच पेन काढून शब्दावर रेघ मारली, आणि रेघही सरळ मारली.

दुसऱ्या दिवशी आपाने विचारलं. मी म्हटलं, “काढला. भाषेच्या दृष्टीने बरा नव्हता.”

“भाषेच्या?” तिने चष्मा वर केला. “ताई, शेरातून लफ्ज काढला त वजन जाते. इथून काय गेलं?”

मला राग आला. तुमच्या शायरीतले नियम कायद्याला लागू नसतात, असं काहीतरी मी फटकन बोलले. तिने डबा उघडला आणि नेहमीसारखा अर्धा माझ्यापुढे सरकवला. मी तो खाल्ला. माझ्या खाण्याला त्या काळात काही धरबंद नव्हता.

नवी घटना लागू झाली. पहिलं वर्ष सुरळीत गेलं, सत्कार झाले, एकाच रंगाचे फलक लागले. दुसऱ्या वर्षी अमरावतीहून एक पत्र यायचं होतं. त्याचा मसुदा आधी माझ्याकडे आला, कारण मॅडमची भाषा चांगली. शुद्धलेखन तपासून द्या म्हणाले. विषय: ‘लहान तुकड्यांचे सुसुत्रीकरण’. अकोल्यातली उर्दूची तुकडी बंद करून ती अमरावती शाखेच्या तुकडीत मिळवण्यात येत आहे. संस्थेच्या हितासाठी आवश्यक व योग्य. माझंच वाक्य होतं, शब्दाला शब्द. मुलींबद्दल एक ओळ होती, ‘विद्यार्थीनी अमरावती येथे प्रवेश घेऊ शकतील.’

मी ते पत्र फाडलं नाही. आपाला फोन केला नाही. प्राचार्यांच्या खोलीत जाऊन आदळआपट केली नाही, जी मी एरवी पंख्यासाठीसुद्धा करते. लाल पेन घेतलं. ‘सुसुत्रीकरण’मधला ‘सू’ दीर्घ केला, ‘विद्यार्थीनी’मधला ‘र्थी’ ऱ्हस्व केला, आणि कागद परत पाठवला. चौदा मुलींची वेलांटी बरोबर करून मी त्यांना घरी बसवलं.

स्थानिक समितीने विरोध केला. बैठक लागली. अध्यक्ष अमरावतीहून आले, सोबत त्यांचे वकील. आपाला निमंत्रित म्हणून भिंतीकडेच्या खुर्चीत बसवलं होतं. आमच्या समितीतल्या एका म्हाताऱ्या जिनिंगवाल्याने घटना हातात धरून विचारलं, “तुकडी बंद कराचा अधिकार तुमाले कुठं देला आहे, दाखवा.” वकील शांतपणे म्हणाले, “तो ‘आवश्यक व योग्य’मध्ये येतो. नेमका लिहूनच द्यायला हवा असं कुठे आहे, ते आपण दाखवा.” म्हातारा पानं उलटत राहिला. तो शोधत असलेला शब्द कुठे गेला ते मला माहीत होतं.

मग सगळे माझ्याकडे वळले. मसुदा मॅडमनीच केलेला, मग ‘आवश्यक’ म्हणताना त्यांच्या मनात काय होतं, त्याच सांगतील. अध्यक्षांनी माझ्याकडे मऊ नजरेने बघितलं. विषयपत्रिका माझ्यासमोर होती. पुढचा विषय होता, अकोल्यात इतिहासाचं एम.ए. सुरू करणं.

अमेरिकेतला तो मसुदेवाला दोन वर्षांनी निदान उलटला होता. स्वतःच्या तोंडाने स्वतःला खोटं पाडून का होईना, पण ओरडला होता. मी इतकी वर्षं त्याच्यावर पोरांना हसवलं. माझ्यावर वेळ आली तेव्हा मी पदर सावरून म्हणाले, “‘आवश्यक’ या शब्दाचा अर्थ व्यापक घेता येतो.”

ठराव मंजूर झाला. बाहेर व्हरांड्यात आपा चपला घालत होती. मला वाटलं ती भांडेल, आणि ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती एवढंच म्हणाली, “चला ताई, मायी बस आहे.”

तिला अमरावतीला नेमणूक दिली. अकोट-अमरावती रोजचं जाणं-येणं तिने त्या वयात चार महिने केलं, मग मुदतीआधी निवृत्ती घेतली. चौदांपैकी दोघी अमरावतीला नातेवाइकांकडे राहून शिकल्या. बाकीच्यांची बस सुटली. एम.ए. मात्र वेळेवर सुरू झालं, उर्दूच्याच खोलीत. कपाटाच्या दारावर आपाच्या हातची एक उर्दू चिठ्ठी अजून चिकटलेली आहे. काय लिहिलंय ते मला वाचता येत नाही आणि कुणाला विचारायची हिंमत झालेली नाही. त्या खोलीत मी अकरा जणांना अमेरिकेतला अधिकारांचा वाद शिकवते. ‘लागते’चा तास मी आता घेत नाही. तो भाग पुस्तकातून वाचून दाखवते, आणि पोरं पहिल्यासारखी झोपतात.

या उन्हाळ्यात परीक्षेच्या कामासाठी अकोटला जाणं झालं. काम लवकर आटोपलं. आपाचं घर बसस्थानकापासून पायी जाण्यासारखं आहे. जायचं असं मनात घोकत मी निघालेही. रिकाम्या हाताने कसं जायचं, म्हणून वाटेतल्या एका दुकानात शिरले. बांगड्या, रिबिनी, पिना, कंगवे असं दुकान. गल्ल्यावर एक बाई पाठमोरी डबे लावत होती. चाहूल लागली तसं मागे न बघताच तिने विचारलं, “काय लागते?”

तिसऱ्या बाकावरचा तो खणखणीत आवाज मी ओळखला. ती वळली आणि तिनेही मला ओळखलं. ओढणी सारखी केली, “सलाम, मॅडम,” म्हणाली, स्टूल पुढे केलं. मी बसले नाही. मी विचारलं, शिक्षण? ती म्हणाली, “दुसऱ्या वर्षापर्यंत झालं नं.” आवाजात तक्रार नव्हती. मग दुकानदाराच्या सवयीने परत, “सांगा न मॅडम, काय लागते तुमाले?”

मी काचेखालच्या वस्तूंवरून नजर फिरवली. शेवटी केसांच्या पिनांच्या पाकिटावर बोट ठेवलं. तिने पाकीट काढलं, हातात धरलं आणि माझ्या डोक्याकडे पाहिलं. माझे केस दोन वर्षांपासून बॉयकट आहेत.

“हे तुमाले लागते?”

“नाही,” मी म्हटलं.

“मंग काहून घेऊन राहिल्या?” तिने विचारलं, आणि उत्तरासाठी थांबली.